मुंबईतल्या गरोदर महिलांचा ॲनिमिया ते ब्लड कॅन्सरचे औषध: कोण होत्या डॉ. लुसी विल्स?

भूम तालुक्यातील गावात एखादी महिला गरोदर राहिली की आशाताई तिला फॉलिक ॲसिडची गोळी देतात. दुसरीकडे, ब्लड कॅन्सर झालेल्या मुलाला मेथोट्रेक्सेट नावाचे औषध दिले जाते. पहिली गोळी शरीराला एक जीवनसत्त्व पुरवते, तर दुसरे औषध त्याच जीवनसत्त्वाचे काम अडवते. या दोन्हींची सुरुवात एका ब्रिटिश महिला डॉक्टरने परळमध्ये केलेल्या संशोधनापर्यंत जाते. त्या डॉक्टर म्हणजे लुसी विल्स.

उशिरा झालेल्या डॉक्टर

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र त्या काळी केंब्रिज विद्यापीठ महिलांना पदवी देत नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा केली. त्यानंतर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये, वयाच्या बत्तिशीत, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली.

मुंबईत काय घडले?

त्या काळी मुंबईत कापड गिरण्यांत राबणाऱ्या अनेक महिलांना गरोदरपणात तीव्र ॲनिमिया व्हायचा. त्यात जीवही जायचा. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

आधी त्यांना जंतुसंसर्गाची शंका होती, पण तसे काही सापडले नाही. मग त्यांनी महिलांच्या ताटात काय असते ते पाहायला सुरुवात केली. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतील महिलांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. गरीब घरांतील आहार निकृष्ट होता.

पुढे उंदरांना तसाच आहार देऊन प्रयोग झाले. उंदरांनाही ॲनिमिया झाला, पण त्यामागे उवांमुळे पसरणारा संसर्ग असल्याचे नंतर कळले. विल्स थांबल्या नाहीत. माकडांवर प्रयोग झाले. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे देऊन पाहिली, पण रुग्णांना फरक पडला नाही. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर मात्र काही दिवसांतच रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे केले आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. विल्स शोधत होत्या तो घटक याच कुळातला, म्हणजे फोलेट, असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

फोलेट शरीरात काय करते?

नवी पेशी तयार होताना डीएनएची नवी प्रत लागते. त्या प्रतीसाठी लागणारे घटक बनवायला फोलेट हवे असते. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जेला आणि पोटातल्या बाळाला, ते जास्त लागते. ते कमी पडले की रक्तपेशी मोठ्या पण अपरिपक्व राहतात. मुंबईतल्या महिलांच्या रक्तात हेच दिसत होते.

मग कॅन्सरशी संबंध कसा आला?

कॅन्सरच्या पेशीही वेगाने वाढतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडशी संबंधित संयुगे दिली, तेव्हा आजार वाढत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मग हे जीवनसत्त्व अडवले तर?

आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधन सांभाळत होते. त्यांच्या चमूने आधी फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवले होते. नंतर फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे, पण त्याचे काम रोखणारे ॲमिनोप्टेरिन तयार केले. १९४८ मध्ये फार्बर यांनी अत्यवस्थ असलेल्या १६ मुलांवरील निष्कर्ष मांडले. त्यांपैकी १० मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला होता. त्याच गटातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

त्याचे दुष्परिणामही यातूनच समजतात. हे औषध निरोगी पण वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही रोखते. म्हणून तोंड येते, रक्तपेशी कमी होतात.

फॉलिक ॲसिड घ्यावे की नाही?

- गरोदरपणात, आणि गर्भधारणेच्या आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे. त्यामुळे बाळाच्या मेंदू व मणक्यातील गंभीर व्यंगांचा धोका बराच कमी होतो.
- मेथी, पालक, हरभरा, डाळी यांतून फोलेट मिळते. भाजी उकळून पाणी फेकल्यास ते वाया जाते.
- कॅन्सर टाळण्यासाठी मनाने गोळ्या घेऊ नयेत. जास्त जीवनसत्त्व म्हणजे जास्त संरक्षण, असे होत नाही.
- कॅन्सरवर उपचार सुरू असताना कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आज भूममध्ये

भूम, परंडा आणि बार्शी तालुक्यांतील गावांमधल्या कॅन्सर रुग्णांची नोंद बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून ठेवते. विल्स यांनी मुंबईत महिलांच्या आहाराची पाहणी केली, त्यामागेही हाच विचार होता: आधी माणसे कशी जगतात आणि कशाने आजारी पडतात ते नोंदवायचे, मग उपाय शोधायचा.

विल्स यांचे १६ एप्रिल १९६४ रोजी निधन झाले. त्यांनी जिथे काम केले ती हाफकिन संस्था आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा हॉस्पिटल, दोन्ही परळमध्येच आहेत.