झाकलेल्या आर्कचा जादूगार : येवगेनी पाटोन

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच आर्क वेल्डिंगचा जॉब केलाय. काळी काच डोळ्यांपुढे धरायची, रॉड टेकवायचा, चिकटला की ओढायचा, आणि शेवटी हातोडीने स्लॅग काढायचा. पण एक वेल्डिंग असंही आहे, ज्यात आर्क दिसतच नाही. सबमर्ज्ड आर्क वेल्डिंग, थोडक्यात ‘सॉ’. व्हायव्हापुरती त्याची डायग्राम आपण पाठ करतो. त्यामागच्या माणसाची गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

मी चामोर्शीची. आमच्याकडे वैनगंगेवर चिचडोह बॅरेज आहे, ३८ लोखंडी दरवाजांचं. पुरामुळे भामरागडचा रस्ता बंद, ही बातमी ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे पूल बांधणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. आणि पाटोन मुळात पूलच बांधायचे.

त्यांचा जन्म १८७० चा, फ्रान्समधल्या नीस शहरातला. वडील तिथे रशियाचे कॉन्सल होते. १८९४ मध्ये पाटोन जर्मनीत ड्रेस्डेनला इंजिनिअर झाले, पण रशियात ती डिग्री चालेना. मग हा डिग्रीवाला इंजिनिअर पीटर्सबर्गला परत बेंचवर जाऊन बसला आणि १८९६ मध्ये दुसऱ्यांदा पास झाला. (इयर डाऊनवाल्यांनी नोंद घ्यावी!) १९०४ पासून ते कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. कीव्हमध्ये नीपर नदीवरचा जुना साखळी पूल १९२० मध्ये युद्धात उडवला गेला होता. त्याच्या उरलेल्या खांबांवर पाटोननी नवा पूल उभारला. तो १९२५ मध्ये सुरू झाला.

त्या काळचे लोखंडी पूल रिव्हेटचे असत. प्लेटला भोकं पाडा, प्लेटवर प्लेट चढवा, तापलेला रिव्हेट ठोका. भोकामुळे प्लेट कमजोर होते, म्हणून ती जास्त जाड घ्यावी लागते. १९२९ मध्ये, म्हणजे ५९ व्या वर्षी, जेव्हा आपल्याकडे लोक पेन्शनचे कागद तयार करतात, तेव्हा पाटोननी वेल्डिंगची छोटीशी लॅब सुरू केली. ज्या रिव्हेटने नाव मिळवून दिलं, त्यालाच रजा द्यायला ते निघाले होते. १९३४ मध्ये या लॅबची इलेक्ट्रिक वेल्डिंग इन्स्टिट्यूट झाली.

हाताच्या वेल्डिंगची अडचण आपल्याला माहीत आहे. करंट फार वाढवला तर लांब रॉड पूर्ण तापतो आणि ठिणग्या उडतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत लिंडे कंपनीच्या इंजिनिअरांनी आर्क फ्लक्सखाली पुरायची पद्धत काढली होती. पाटोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९-४० मध्ये कीव्हला आपली पद्धत तयार केली. यात रॉडऐवजी रिळावरची उघडी वायर असते. वायर फीडर ती खाली ढकलतो, आणि तांब्याच्या काँटॅक्ट टिपमधून टोकाजवळच तिला करंट मिळतो. त्यामुळे वरची वायर तापत नाही आणि शेकडो, वेळेला हजार अँपिअरपर्यंत जाता येतं. पुढे हॉपरमधून दाणेदार फ्लक्सचा जाड थर पडत जातो. आर्क त्याच्या आत जळतो. थोडा फ्लक्स वितळून स्लॅग बनतो आणि धातूला हवेपासून वाचवतो, उरलेला गोळा करून परत वापरायचा. सगळी यंत्रणा ट्रॅक्टरवर बसून सांध्यावरून एकसारखी चालत जाते. उष्णता आतच राहते, म्हणून जाड प्लेटमध्ये वेल्ड खोल जातो. मर्यादा एकच, सांधा आडवा पसरलेला हवा, नाहीतर फ्लक्स सांडतो.

१९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला. माघार घेताना सोव्हिएत सैन्यानेच पाटोनचा १९२५ चा पूल उडवला. ७१ वर्षांचे पाटोन उरल भागात निझ्नी तागिलच्या कारखान्यात गेले. तिथे टी-३४ रणगाडे बनायचे. कुशल वेल्डर आघाडीवर गेलेले, चिलखती स्टीलच्या वेल्डला तडे जात होते, आणि चांगला फ्लक्सही मिळेना. त्यांच्या टीमने कोळशाच्या भट्टीतला टाकाऊ स्लॅग फ्लक्स म्हणून वापरून दाखवला. त्यांचे सहकारी द्यातलोव्ह यांनी १९४२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट शोधली. आर्क लांबला की करंट कमी होतो, वायर हळू वितळते आणि आर्क आपोआप पूर्ववत होतो. म्हणजे वायर एकाच वेगाने सोडली तरी चालतं! मशीन एकदम सोपं झालं. थोड्याशा ट्रेनिंगवर मुली आणि पोरंसुद्धा रणगाड्याचे सांधे जोडू लागली. हे वाचताना खरं सांगते, मला फार भारी वाटलं.

युद्धानंतर पाटोन पुन्हा नीपरकडे वळले. आता पूर्ण वेल्डिंगचा पूल करायचा होता. पण बेल्जियममध्ये हॅसेल्टचा वेल्डेड पूल १९३८ मध्ये थंडीत तुटून कालव्यात पडला होता. वेल्डिंगचा पूल कीव्हच्या हिवाळ्यात टिकेल का, हा प्रश्न साधा नव्हता. पाटोननी आधी वेल्डिंगला आणि थंडीला सोसेल अशा स्टीलवर काम केलं, मगच पूल. लांबी दीड किलोमीटरहून जास्त.

१२ ऑगस्ट १९५३ रोजी पाटोन गेले. पूल ५ नोव्हेंबरला सुरू झाला. त्यांना तो बघता आला नाही, पण त्याला नाव त्यांचंच दिलं. इन्स्टिट्यूट त्यांचा मुलगा बोरिस याने २०२० पर्यंत सांभाळली.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. पुढच्या वेळी पॉवर हाऊसमधला बॉयलर ड्रम, मोठी पाइपलाइन किंवा बॅरेजचा दरवाजा बघाल, तेव्हा त्यावर लांब, सरळ, एकसारखा वेल्ड आहे का ते जरूर शोधा. दिसला, तर पाटोन सरांची आठवण काढा.