कापरेकर गुरुजी आणि डोंगरासारखी संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. मग वडिलांनीच त्यांना वाढवले. त्यांना लहानपणापासून आकड्यांची कोडी फार आवडत. ठाण्याला शाळा झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. म्हणजे आपल्या गुरुजींसारखेच.

त्यांची ६१७४ ही संख्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी ती सांगत नाही. मला त्यांची मोठी संख्या जास्त आवडते. ती अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

हिच्यात सतरा आकडे आहेत. डोंगर चढावा तसे आकडे नवापर्यंत चढतात आणि परत उतरतात. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. डोंबिवली स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे त्यांना ही कल्पना सुचली होती.

११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१. असेच नऊ वेळा एक लिहायचे आणि त्याला त्यानेच गुणायचे, की आपली मोठी संख्या येते. मी ओट्यावर खडूने करून बघितलं. एकाखाली एक नऊ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत मधल्या घरात नऊ एक होतात. पुढे परत कमी कमी होत जातात. कुठेच हातचा येत नाही! पण दहा वेळा एक घेतले तर मधल्या घरात दहा होतात, हातचा जातो आणि डोंगराचा शेंडाच मोडतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता मोठ्या संख्येतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा. ८१ येते, म्हणजे नऊ नवे एक्क्याऐंशी. आणि त्याच ८१ ने तिला भागले तर बाकी शून्य उरते. आपल्या आकड्यांच्या बेरजेने पुरा भाग जातो अशा संख्येला गुरुजींनी हर्षद संख्या म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. म्हणजे ही डेम्लो पण आहे आणि हर्षद पण!

काही मोठ्या गणितींना हे सगळे पोरखेळ वाटे. तरी गुरुजी परिषदांना जात आणि स्वतःच्या खर्चाने लहान लहान पुस्तके छापत. नोकरी संपल्यावर पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या करत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगभर त्यांचे नाव झाले. तोपर्यंत गुरुजी सत्तर वर्षांचे झाले होते. मला वाटतं, फारच उशीर झाला.

१९८६ साली ते देवळालीला वारले. तेव्हा त्यांचे वय ८१ होते. मी वजाबाकी दोनदा करून बघितली.