मुळशीचा सेनापती आणि गिरण्यांची वीज

मुळशी तालुक्यातल्या एका गावी, देवळाच्या सभामंडपात, मुंबईच्या औद्योगिक वारशावरचा एक माहितीपट पाहण्याचा योग आला. भिंतीवर पांढरी चादर, पुढे सतरंजीवर मुले, मागे आम्ही मोठी माणसे. पडद्यावर गिरण्यांच्या चिमण्या आल्या, मागांचा खडखडाट आला आणि विलिंग्डन क्लबाचे गोल्फचे हिरवेगार मैदानही आले. एवढ्या जमिनीवर काही पिकवत का नाहीत, असे एका पोराने विचारले आणि सगळे हसले. दिवे लागल्यावर एका आजोबांनी शांतपणे विचारले की, या गिरण्यांना वीज कोठून मिळाली, ते कसे दाखवले नाही? मंडपात कोणी बोलेना. मला मात्र पांडुरंग महादेव बापट आठवले.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली हा तरुण इंजिनीअर होण्यासाठी एडिंबरोला गेला. तिथे ब्रिटिश राज्यावर परखड भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचे इंडिया हाऊस, सावरकरांचा सहवास आणि पॅरिसला जाऊन बॉम्बविद्येचे शिक्षण. १९०८ साली ती विद्या घेऊन ते मायदेशी परतले. माणिकतळ्याच्या प्रकरणानंतर काही वर्षे भूमिगत राहावे लागले. १९१२ साली अटक झाली, पण पुराव्याअभावी सुटका झाली.

एखादा दुसरा अशा वेळी पोटापाण्याला लागला असता. बापट पारनेरला आले आणि हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागले, संडास साफ करू लागले. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावकऱ्यांची बसवली. मला हे बापट बॉम्बवाल्या बापटांपेक्षा मोठे वाटतात.

मग आली मुळशी. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना स्वस्त वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ सालीच सुरू झाले होते. आता मुळा-निळा नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात, भिऱ्याला सोडायचे होते. पाण्याखाली जाणार होती मावळातली सुमारे ५० गावे आणि भाताची खाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर बापट त्या लढ्यात उतरले, वारंवार तुरुंगात गेले. याच लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती म्हटले.

पण लढा एकजीव राहिला नाही. बऱ्याच जमिनी सावकारांच्या हाती होत्या, आणि मोबदला घेऊन मोकळे होण्यात त्यांना वावगे वाटले नाही. जो कसत होता, त्याचे मात्र सगळेच जाणार होते. नेते पांगले, पुणे शहराचा उत्साह ओसरला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळावर दगड रचले, हाती पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि तोंड न लपवता अटक करवून घेतली. सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसक लढ्यात हे पिस्तूल बसत नाही, हे मान्य करायला हवे. पण ते एकट्या पडलेल्या माणसाच्या हातातले होते, हेही विसरता येत नाही. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

१९३१ साली सुटल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. भाषणांबद्दल पुन्हा प्रदीर्घ कारावास भोगला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत हा वृद्ध माणूस पुढेच होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुंबईत दादरहून लोअर परळकडे जाणाऱ्या रस्त्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात. तो ऐन गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यांच्याच दारावरून बुडणाऱ्यांच्या सेनापतीचे नाव गेले आहे! आता गिरण्याही थंडावल्या. त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. चिमणीला वारसा म्हणून जपावे, यात वाद नाही. पण त्या चिमणीची सावली इथल्या पाण्यावरही पडली होती.

परतताना मी धरणाच्या काठाशी थांबलो. पाणी संथ होते. आजोबा सोबत आले होते. त्यांनी हात लांब करून पाण्यात एक जागा दाखवली. तिथे त्यांच्या आजोबांचे खाचर होते.