धनुर्वाताचा जंतू पकडणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, दिवस राहिले की दवाखान्यात आपल्याला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. दोन दिवस दंड ठणकतो, मग आपण विसरून जातो. या इंजेक्शनाची सुरुवात ज्यांच्या कामातून झाली, त्या जपानी डॉक्टरांचं नाव शिबासाबुरो कितासातो.

१८५३ साली जपानमधल्या ओगुनी या डोंगराळ भागात त्यांचा जन्म झाला. १८८३ साली ते टोकियोत डॉक्टर झाले. पुढे बर्लिनला, क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकायला गेले.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो हे तेव्हा कळलं होतं, पण तो इतर जंतूंपासून वेगळा काही केल्या होत नव्हता. कितासातोंनी ते मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे जंतू मेले, याचे चिवट बीजकण तेवढे टिकले. याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हायड्रोजन भरलेल्या भांड्यात तो वाढवला. साल होतं १८८९. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिलं, की या विषावरचा उतारा शरीर स्वतःच रक्तात तयार करतं.

१९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मात्र एकट्या बेरिंगना मिळालं. वाचताना मला हळहळ वाटली. कितासातो कामच करत राहिले. मायदेशी त्यांनी संशोधन संस्था उभारली. १९१४ साली सरकारने ती विद्यापीठाच्या ताब्यात दिली, तेव्हा राजीनामा देऊन पदरच्या पैशाने दुसरी काढली. १९३१ साली ते गेले.

त्या विषाची खरी करामत कळायला १९९२ साल उजाडलं. हे विष म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन साखळ्या. मोठी साखळी मज्जातंतूला चिकटते आणि धाकटीला आत सोडते. धाकटीत जस्ताचा एक अणू असतो आणि ती कात्रीसारखी चालते. स्नायूंना सैल पडायचा निरोप ज्या प्रथिनामुळे जातो, नेमकं तेच ती कापते. मग स्नायू ताठच राहतात आणि अंग धनुष्यासारखं वाकतं. तान्ह्या बाळाचा जबडा आवळला, की त्याला दूधही ओढता येत नाही. पूर्वी याला कुणी बाहेरची बाधा म्हणायचं, पण कारण असायचं नाळ कापणारं अस्वच्छ पातं किंवा नाळेला लावलेली राख नि शेण.

इंजेक्शनात हेच विष निरुपद्रवी करून घातलेलं असतं. ते आईला दिलं की तिचं संरक्षण पोटातल्या बाळालाही मिळतं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पण जंतू मातीत आहेच, तो कुठे जाणार? म्हणून लेकीसुनांचं हे इंजेक्शन चुकवू नका. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पापासूनही बचाव होतो. आणि नाळेला काहीही लावू नका.

जपानने २०२४ साली आपल्या हजार येनच्या नोटेवर कितासातोंचं चित्र छापलं. आपण निदान त्यांचं नाव तरी लक्षात ठेवूया.