शाळेत पोरांची नुसती तपासणी करून भागत नाही, हे न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरीणबाईंनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं

शाळेत डॉक्टर आले की वर्गात एकच गडबड उडायची. रांगेत उभं राहायचं, जीभ बाहेर काढायची, नखं दाखवायची. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, वजन-उंची कार्डावर लिहिली जायची आणि पाच मिनिटांत पोरं मोकळी. त्या कार्डाचं पुढं काय झालं हे मात्र कुणालाच कळायचं नाही.

आता जगात अनेक ठिकाणी चर्चा सुरू आहे की, या तपासणीत डायबिटीसही सक्तीचा करावा का? कारण लहान मुलांना होणारा टाईप १ डायबिटीस बऱ्याचदा मूल अत्यवस्थ होऊन दवाखान्यात पोचतं तेव्हाच घरच्यांना समजतो. मग सरकारी शाळेतच सगळ्यांना तपासलं तर?

ऐकायला सोपं वाटतं. पण हा प्रयोग वेगळ्या आजारांसाठी एकदा झालेला आहे. तो कुठं फसला आणि कशानं जमला हे समजून घ्यायचं तर सारा जोसेफिन बेकर यांची गोष्ट माहीत पाहिजे. टायफॉईड मेरीला पकडणारी डॉक्टर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पण ते त्यांच्या आयुष्यातलं एक छोटंसं प्रकरण आहे.

जोसेफिनचा जन्म १८७३ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावातला. वडील वकील, घरची परिस्थिती चांगली. पोरगी मोठी होऊन चांगल्या कॉलेजात जाणार हे ठरलेलं. पण ती सोळा वर्षांची असताना टायफॉईडनं घरात थैमान घातलं. भाऊ गेला, वडीलही गेले. गावाला पाणी यायचं ते हडसन नदीचं, आणि त्याच नदीत वरच्या अंगाला घाण सोडली जात होती.

घरातला कमावता माणूस गेला होता. जोसेफिननं ठरवलं, डॉक्टर व्हायचं. बाईनं डॉक्टर होणं तेव्हा लोकांना चमत्कारिकच वाटायचं. घरच्यांनी नको म्हटलं, तरी ती न्यूयॉर्कला बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. १८९८ साली अठरा जणींच्या वर्गात दुसरी येऊन पास झाली.

गंमत म्हणजे या हुशार पोरीची एका विषयात दांडी उडाली होती. विषय होता निरोगी लहान मूल. तिला तो कंटाळवाणा वाटला आणि ती नापास झाली. तोच विषय परत करावा लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मूल आजारी पडल्यावर धावण्यापेक्षा ते आजारीच पडू नये हे बघणं जास्त महत्त्वाचं. पुढची सगळी कारकीर्द या नापास झालेल्या विषयावर उभी राहिली.

दवाखाना टाकला, पण बाईकडं पेशंट येईना. पहिल्या वर्षाची कमाई १८५ डॉलर. म्हणून १९०१ मध्ये बेकरबाईंनी शहराच्या आरोग्य खात्यात शाळा तपासनीसाची नोकरी धरली. पगार महिना ३० डॉलर. काम काय, तर रोज तासाभरात तीन शाळा उरकायच्या.

आता तासात तीन शाळा म्हणजे तपासणी कसली होणार? मास्तरांनी दोन-चार पोरं पुढं करायची, डॉक्टरनं नजर टाकायची, खरूज, उवा, गजकर्ण किंवा डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या की पोराला घरी पाठवायचं. कागदावर काम चोख. प्रत्यक्षात घरी पाठवलेलं पोर त्याच गल्लीत त्याच मित्रांबरोबर खेळत बसायचं. आईबाप नुकतेच परदेशातून आलेले, इंग्रजी चिठ्ठी त्यांना वाचता यायची नाही. औषध आणायला पैसा आणि वेळ दोन्ही नसायचे. पोर काही आठवड्यांनी तोच आजार घेऊन परत यायचं आणि परत घरी जायचं.

म्हणजे तपासणीमुळं आजार कमी झाला नाही, फक्त गरिबाच्या पोराची शाळा बुडाली.

यावर तोडगा काढला तो लिलियन वॉल्ड या समाजसेविकेनं. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लिना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांमध्ये पाठवून बघितलं. नर्स शाळेतच खरजेला मलम लावायची, डोळे धुवायची, संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन आईला हातानं करून दाखवायची. प्रयोग महिन्याभराचा होता. पण परिणाम बघून शहरानं आणखी नर्स नेमल्या. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या पोरांची संख्या जवळपास ९० टक्क्यांनी घटली. डॉक्टर तेच होते, आजारही तेच होते. फक्त कार्ड लिहून झाल्यावर पुढचं काम करायला माणूस मिळाला होता.

बेकरबाईंनी हे जवळून बघितलं. त्या स्वतः उन्हाळ्यात हेल्स किचन या बदनाम वस्तीत जिने चढून आजारी बाळं शोधत फिरत होत्या, आणि बाळ सापडेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा.

१९०६ च्या जूनमध्ये आणखी एक धडा मिळाला. लोअर ईस्ट साईड या ज्यू वस्तीतल्या शाळेत डॉक्टरांनी काही मुलांच्या ॲडेनॉईडचं, म्हणजे नाकामागं वाढलेल्या गाठींचं ऑपरेशन शाळेतच केलं. हेतू चांगलाच होता. पण पोरं रक्ताळलेल्या तोंडानं घरी आली आणि अफवा उठली की शाळेत पोरांचे गळे कापतायत. ही कुटुंबं रशियातल्या ज्यूंच्या कत्तलींतून जीव वाचवून आलेली. हजारो आया शाळांवर चालून गेल्या, खिडक्या फोडल्या. पोलीस बोलवावे लागले. त्या आयांना अडाणी म्हणून हसणं सोपं आहे, पण सरकारी माणूस आपल्या पोराला हात लावतो तेव्हा काय होतं याचा त्यांचा अनुभव फार वाईट होता.

१९०७ मध्ये टायफॉईड मेरीचं प्रकरण झालं. मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत, पण तिच्या हातचं खाणाऱ्यांना टायफॉईड होत होता. ती काही केल्या नमुने देईना. तिला आणायला बेकरबाई पोलीस घेऊन गेल्या. मेरी पळून लपली, तासन् तास शोधावी लागली आणि शेवटी ॲम्ब्युलन्समध्ये बेकरबाई तिच्या अंगावर बसून तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. मेरीच्या आयुष्याची पुढची पंचवीसहून जास्त वर्षं एका बेटावर कोंडून ठेवलेल्या अवस्थेत गेली. सक्तीनं तपासणी केली आणि त्या माणसाला देण्यासारखा उपचारच नसला तर काय होतं, त्याचं हे टोकाचं उदाहरण.

पुढच्याच वर्षी बेकरबाईंनी खरा डाव टाकला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या नर्सना काम नसायचं. त्यातल्या तीस नर्स त्यांनी मागून घेतल्या. लोअर ईस्ट साईडमधल्या एका भागात जन्माची नोंद झाली की दुसऱ्या दिवशी नर्स दारात हजर. बाळाला अंगावर पाजा, खिडकी उघडी ठेवा, उन्हाळ्यात घट्ट गुंडाळू नका, अंघोळ घाला. बास, एवढंच सांगायचं. त्या उन्हाळ्यात त्या भागात आदल्या वर्षीपेक्षा १२०० बाळं कमी दगावली.

मग १९०८ मध्येच शहरानं मुलांच्या आरोग्यासाठी वेगळा विभाग काढला आणि बेकरबाईंना प्रमुख केलं. हाताखाली दिलेल्या सहा पुरुष डॉक्टरांनी बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून राजीनामे दिले. बाईंनी त्यांना महिनाभर थांबून बघायला सांगितलं. महिन्यानंतर एकही जण गेला नाही. तसं बाई पुरुषी कोट, कडक कॉलर आणि टाय घालूनच ऑफिसात यायच्या, म्हणजे समोरचा बाई म्हणून बघणार नाही.

या विभागानं शाळेतल्या मोठ्या मुलींना बाळ सांभाळायचं शिक्षण दिलं, कारण आई कामाला गेल्यावर धाकटं भावंड त्याच सांभाळत होत्या. स्वस्त आणि चांगल्या दुधाची केंद्रं काढली, सुईणींना परवाने दिले, शाळेची तपासणी नीट बसवली.

विरोध कुणी करावा? ब्रुकलिनच्या तीसेक डॉक्टरांनी महापौरांकडं अर्ज दिला की हा विभाग बंद करा, पोरं आजारीच पडेनात, आमचा धंदा बुडतोय. बेकरबाईंना ही आपल्या कामाची पावतीच वाटली.

न्यूयॉर्क विद्यापीठानं त्यांना शिकवायला बोलावलं. त्यांनी अट घातली की आधी मला इथं शिकायला प्रवेश द्या. बायकांना प्रवेश नाही असं उत्तर आलं. पण दुसरा शिकवणारा मिळेना, मग विद्यापीठ नमलं. १९१७ मध्ये सार्वजनिक आरोग्यातली डॉक्टरेट त्यांनी तिथूनच घेतली.

१९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिका आणि युरोपातल्या मोठ्या शहरांमध्ये न्यूयॉर्कचं बालमृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. १९३९ ला आत्मचरित्र आलं आणि २२ फेब्रुवारी १९४५ ला त्या गेल्या.

आता डायबिटीसकडं येऊ. बेकरबाईंच्या काळात शाळेत डायबिटीस शोधण्यात काहीच अर्थ नव्हता. टाईप १ झालेलं मूल उपाशी ठेवून फार तर थोडे महिने, वर्ष-दोन वर्षं जगवता यायचं. टोरंटोत १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं ते १९२२ च्या जानेवारीत, म्हणजे बाईंच्या निवृत्तीच्या जेमतेम एक वर्ष आधी. तिथून पुढं हा आजार वेळेत शोधणं म्हणजे जीव वाचवणं झालं.

जपाननं १९९२ पासून शाळेच्या लघवी तपासणीत साखर धरली. पोरं सकाळची पहिली लघवी छोट्या बाटलीत घेऊन शाळेत येतात. साखर सापडली तर पुन्हा नमुना, मग दवाखाना. यातून लक्षणं नसलेला टाईप २ बराच सापडतो. पण टाईप १ काही आठवड्यांतच उफाळू शकतो, त्यामुळं वर्षातून एकदा केलेल्या तपासणीतून तो निसटतो.

इटलीनं २०२३ मध्ये कायदा करून मुलांच्या रक्तातून टाईप १ चा धोका आधीच ओळखायचा राष्ट्रीय कार्यक्रम ठरवला. कॅलिफोर्नियानं सक्तीची तपासणी न करता वेगळा रस्ता धरला. तिथं शाळेत नाव घालताना पालकांना टाईप १ ची माहिती द्यावी लागते. सारखी तहान लागणं, सारखं लघवीला जाणं, अंथरूण ओलं न करणारं मूल अचानक करायला लागणं, भरपूर खाऊनही वजन उतरणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायची, ती कुठल्याही दवाखान्यात दोन मिनिटांत कळते.