देवगंधर्व भास्करबुवा बखले

महाराष्ट्रात ख्यालगायन रुजविणाऱ्या थोर गायकांत गायनाचार्य भास्करबुवा बखले यांची गणना अग्रभागी होते. मात्र त्यांचे गाणे ऐकण्याचा योग आज कोणासही येणे नाही, कारण त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांना जाऊन शंभर वर्षे उलटून गेली, तरी संगीतप्रेमी मराठी माणूस त्यांचे नाव आदराने घेतो. याचे श्रेय त्यांच्या मैफलींइतकेच त्यांच्या विद्यादानाला द्यावे लागते.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी ते बडोद्यास आले आणि तेथे कीर्तनकार विष्णुबुवा पिंगळे यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांना मिळाले. गोड गळ्याच्या या मुलाला लवकरच किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला. १८८४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रामराज्यवियोग’ नाटकातील त्यांची कैकेयी विशेष गाजली. मंडळीच्या इंदूर मुक्कामी थोर बीनकार बंदेअली खाँ या मुलाच्या गाण्यावर प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला गंडा बांधला, असे सांगतात.

परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. वयात येताना आवाज फुटला आणि स्त्रीभूमिकेला साजणारा गळा नाहीसा झाला. गळा हेच ज्याचे भांडवल, अशा बालनटाची किंमत आवाजाबरोबरच उतरते, याचा कटू अनुभव त्यांना आला. गाणे सोडून एखादी नोकरी धरावी, असेच कोणीही सुचविले असते. भास्करबुवांनी मात्र नाटक मंडळी सोडली आणि रीतसर गाणे शिकण्याच्या निश्चयाने ते बडोद्यास परतले.

बडोद्यास ग्वाल्हेर परंपरेचे गायक फैज महंमद खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. त्या काळी विद्या मागून मिळत नसे. गुरूच्या घरी पडेल ते काम करावे, त्यांच्या मर्जीची वाट पाहावी आणि जे कानी पडेल ते जतन करावे, अशीच रीत होती. ब्राह्मण कुटुंबातील या तरुणाने मुसलमान गुरूच्या घरची सेवा कोणताही संकोच न बाळगता केली. फुटलेल्या आवाजाला मेहनतीने वळण लावून त्यांनी तो पुन्हा गाता केला.

ग्वाल्हेर गायकीचा पाया असा पक्का झाल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. लयीशी खेळत बोल बांधण्याची आणि बंदिशीची बढत करण्याची विद्या त्यांना येथे लाभली. १९०१ साली नत्थन खाँ निवर्तले. तोपर्यंत बुवांचे नाव सर्वत्र झाले होते. तरीही त्यांनी अल्लादिया खाँ यांच्याकडे शिष्यभावाने जाऊन त्यांची पेचदार, अनवट रागांनी समृद्ध अशी गायकी आत्मसात केली. मैफली गाजविणाऱ्या गायकाने पुन्हा शिष्य होऊन गुरूपुढे बसणे ही आजही सोपी गोष्ट नाही. घराण्यांच्या भिंती भक्कम असलेल्या त्या काळात तर ती दुर्मीळच होती.

तीन गायकींचे हे ज्ञान बुवांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले नाही. त्यांच्या गाण्यात ते एकजीव झाले. धृपद-धमार, ख्याल, ठुमरी, टप्पा आणि भजन या सर्वांवर त्यांचे प्रभुत्व होते. समोरचा श्रोतृवर्ग ओळखून ते गात, त्यामुळे महाराष्ट्र आणि कर्नाटकाप्रमाणेच दूरच्या पंजाब व सिंध प्रांतांतही त्यांना मोठी लोकप्रियता लाभली. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यातील त्यांच्या गाण्याची कीर्ती तिकडे दीर्घकाळ टिकून होती. रसिकांनी त्यांना ‘देवगंधर्व’ म्हणून गौरविले.

बुवांच्या शिकविण्याचा प्रारंभ मैफलीच्या कीर्तीच्या आधीच झाला होता. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते काही काळ संगीतशिक्षक होते. त्यांच्या तेथील वास्तव्यामुळे धारवाड-हुबळी भागात हिंदुस्थानी संगीताची गोडी वाढण्यास मोठे साहाय्य झाले. पुढे १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. जी विद्या स्वतःला दारोदार जाऊन, सेवा करून मिळवावी लागली, ती सामान्य घरातील मुलांना विनासायास शिकता यावी, ही त्यामागील दृष्टी होती. काही उस्ताद आपल्या चिजा राखून ठेवत असत. बुवांनी मात्र विद्यादानात हात आखडता घेतला नाही.

त्यांच्या शिष्यपरिवाराकडे पाहिले म्हणजे याची साक्ष पटते. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे त्यांचे पट्टशिष्य. बालगंधर्व त्यांना गुरुस्थानी मानीत. गोव्याच्या ताराबाई शिरोडकर, बापूराव केतकर आणि पंजाबातील दिलीपचंद्र वेदी यांनाही त्यांच्याकडून विद्या मिळाली. गोविंदराव टेंबे त्यांना हार्मोनियमची साथ करीत आणि स्वतःला त्यांच्या शिष्यांत गणीत. यांतील एकाचे गाणे दुसऱ्यासारखे नव्हते. शिष्याच्या गळ्यात आपला आवाज बसविण्याऐवजी त्याच्याच गळ्याचा धर्म ओळखून त्याला वाढविणे, हे या गुरूचे वैशिष्ट्य होते.

ज्या रंगभूमीला आवाज फुटल्यावर त्यांना पारखे व्हावे लागले, तिलाच पुढे त्यांनी संगीताचे मोठे धन दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’ आणि ‘द्रौपदी’ या नाटकांतील पदांना त्यांनी चाली दिल्या. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांनी रुक्मिणीची भूमिका केली. यमन, भीमपलास, बिहाग अशा रागांतील तिची पदे ख्यालाच्या बंदिशींच्या वळणाने बांधलेली होती. ज्याने कधी मैफलीत पाऊल टाकले नव्हते, असा प्रेक्षकही या पदांमुळे रागसंगीताशी परिचित झाला. नाट्यगृहातून ती पदे घराघरांत पोहोचली आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांतही आवडीने गायिली गेली.

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. गुरूंच्या पश्चात मास्तर कृष्णरावांनी रंगभूमी, चित्रपट आणि मैफल या तिन्ही ठिकाणी संगीताची सेवा केली आणि भारत गायन समाजाची धुराही वाहिली. या संस्थेने २०११ साली शंभर वर्षे पूर्ण केली.

बालपणी एकदा गमावलेला आवाज भास्करबुवांनी कष्टाने परत मिळविला होता. त्यांच्या देहाबरोबर तो कायमचा गेला. परंतु त्यांनी मुक्तहस्ताने वाटलेली विद्या शिष्यांच्या आणि प्रशिष्यांच्या कंठांतून, तसेच ‘स्वयंवरा’च्या पदांतून पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. विद्या जपून ठेवल्याने नव्हे, तर दिल्याने टिकते, हे त्यांच्या चरित्राने दाखवून दिले आहे.