विल्यम रँडल क्रीमर

बांधावरून दोन शेतकऱ्यांचा तंटा झाला, तर गांवचीं वडील माणसें पंच म्हणून बसतात व डोकीं फुटण्यापूर्वींच निवाडा करतात. मग राष्ट्रांचे तंटे मात्र तोफांनींच कां तुटावेत? एका इंग्रज सुतारानें हा साधा प्रश्न आपल्या आयुष्याचा विषय केला. त्याचें नांव विल्यम रँडल क्रीमर.

क्रीमर यांचा जन्म दक्षिण इंग्लंडांतील फेअरहॅम गांवीं १८२८ सालीं झाला. ते तान्हे असतांनाच वडील घर सोडून गेले. धर्मशील आईनें दारिद्र्याशीं झगडत मुलांचें पालन केलें. बाराव्या वर्षीं शाळा सुटली व जहाजें बांधण्याच्या कामावर जावें लागलें. पुढें ते सुतारकाम शिकले. फावल्या वेळीं व्याख्यानें ऐकण्याचा त्यांना नाद होता. राष्ट्रांनीं आपले कलह लवादाकडे सोपवावेत, हा विचार अशाच एका व्याख्यानांत त्यांच्या कानीं पडला आणि तो कायमचा मनांत ठसला.

१८५२ सालीं ते लंडनला आले. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून बांधकामावरील मजुरांनीं जी चळवळ केली, तींत ते पुढारी झाले. १८७१ सालीं त्यांनीं शांततेसाठीं कामकऱ्यांचा संघ स्थापिला. पार्लमेंटच्या निवडणुकींत ते दोनदां पडले. तथापि निराश झाले नाहींत. अखेर १८८५ सालीं लंडनच्या हॅगर्स्टन भागानें त्यांना निवडून दिलें.

आतां खरें कार्य सुरू झालें. इंग्लंड व अमेरिका यांनीं लवादाचा तह करावा, अशा विनंतिपत्रावर क्रीमर यांनीं दोनशेंहून अधिक सभासदांच्या सह्या मिळविल्या, आणि १८८७ सालीं समुद्र ओलांडून तें पत्र राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या हातीं दिलें. फ्रान्समध्यें फ्रेडरिक पासी हे विद्वान अर्थशास्त्रज्ञ याच मताचे होते. १८८८ सालीं पॅरिस येथें दोघांच्या पुढाकारानें उभय देशांचे सभासद एकत्र बसले. दुसऱ्याच वर्षीं तेथें नऊ देशांचे सुमारें शंभर प्रतिनिधि जमले, आणि आंतरसंसदीय संघाचा पाया घातला गेला. या सभासदांच्या हातीं सैन्य नव्हतें, तह करण्याचा अधिकारहि नव्हता. परंतु प्रत्येकानें स्वदेशीं परतून आपल्या सभागृहांत तोच प्रश्न मांडावयाचा, ही त्यांची रीत होती. लवादाच्या कायम न्यायालयाची योजना या परिषदांनीं आंखली. १८९९ सालीं हेग येथील शांतता-परिषदेनें तसें न्यायालय स्थापन केलें.

अपयशहि पुष्कळ आलें. १८९७ सालीं इंग्लंड व अमेरिका यांचा तह सह्या होऊनहि अमेरिकेच्या सेनेटमध्यें थोड्या मतांनीं फेटाळला गेला. तरी क्रीमर यांनीं हातचें काम सोडलें नाहीं. १९०३ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां जन्मभर गरिबी सोसलेल्या या गृहस्थानें बहुतेक सारी रक्कम लवादाच्या प्रचारासाठीं देऊन टाकली. १९०८ सालीं ते वारले.

थोरांचे दोषहि पाहावे. स्त्रियांना मतदानाचा हक्क देण्यास क्रीमर यांचा कट्टर विरोध होता. परंतु संस्था कधीं कधीं संस्थापकाहून मोठी होते. महाराष्ट्रांतून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला यांना याच संघानें १९९९ सालीं आपल्या परिषदेच्या अध्यक्षस्थानीं बसविलें.

क्रीमर यांच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनीं पहिलें महायुद्ध पेटलें, व पुढें दुसरेंहि. मग त्यांचे श्रम वायां गेले काय? त्यांचा संघ दोन्ही महायुद्धांतून वांचला. आज सुमारें १८० देशांचीं विधिमंडळें त्यांत आहेत, आणि ज्यांचीं सरकारें परस्परांशीं बोलत नाहींत, त्यांचेहि प्रतिनिधि तेथें एका सभेंत बसतात. एका सांध्यानें घर पुरें होत नाहीं, हें सुतारास कोणीं शिकवावें लागत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, खेळाच्या मैदानावर भांडण झाल्यास मूठ उगारण्यापूर्वीं पंच बोलावणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.